एनसीएसवर थिसिस घेताय? आधी पेशंटचा हात गार आहे का बघा

सिनॉप्सिसची (थिसिसच्या आराखड्याची) तारीख जवळ आली की ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात. "मॅडम, डायबेटिक न्यूरोपॅथीवर एनसीएस घेतोय. सोपा आहे ना?" एनसीएस म्हणजे नर्व्ह कंडक्शन स्टडी, नर्व्हला बारीक करंट देऊन तिच्यातून सिग्नल कसा जातो ते मोजणं. दिसायला सोपाच आहे. मशीन डिपार्टमेंटमध्येच असतं, डायबेटिसचे पेशंट पुण्यात शोधावे लागत नाहीत, रक्त काढायचं नाही, सुई टोचायची नाही, एथिक्स कमिटीही फार ताणत नाही. म्हणून फिजिऑलॉजीच्या जवळपास दर बॅचमध्ये कोणीतरी हा विषय घेतंच, आणि त्यातले बरेच थिसिस बाइंडिंग होऊन कपाटात जातात ते पुन्हा कोणी उघडत नाही.

मीही फिजिऑलॉजीचीच. एमडीनंतर न्यूरोपॅथीच्या अभ्यासांवर कोऑर्डिनेटर म्हणून काम केलं, आता रोज मशीनसमोर बसते. लेटन्सी, अ‍ॅम्प्लिट्यूड, व्हेलॉसिटी यांचं गणित इथे समजावत बसत नाही, ते तुम्हाला येतं असं धरून चालते. नव्यांसाठी एवढंच: अनुक्रमे सिग्नल पोहोचायला लागणारा वेळ, वेव्हची उंची आणि सिग्नलचा वेग.

गाइड कोण मिळणार हे तुमच्या हातात नसतं, तेव्हा त्यावर झोप घालवू नका. टेक्निशियन मात्र शोधा. वीस वर्षं इलेक्ट्रोड चिकटवणारा माणूस तुमच्या गाइडपेक्षा जास्त शिकवतो, हे माझं ठाम मत आहे आणि गाइड मंडळींना ते आवडत नाही हेही मला माहीत आहे. पहिले काही आठवडे डेटा घेऊच नका, त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसा. आमच्याकडचे काका सांगायचे, "मॅडम, वेव्ह वाढायची थांबली की अजून थोडा करंट वाढवा. तेव्हा कळेल ती खरंच थांबलीये का." पुस्तकात यालाच सुप्रामॅक्सिमल म्हणतात, २० ते २५ टक्के जास्त वगैरे. पण "दुखतंय हो" म्हणणाऱ्या आजींसमोर तो करंट प्रत्यक्ष वाढवायला हिंमत लागते. हिंमत झाली नाही की अ‍ॅम्प्लिट्यूड कमी येतो आणि धडधाकट माणसाच्या नावावर अ‍ॅक्झोनल लॉस (नर्व्हचे तंतूच नष्ट होणं) लिहिला जातो.

आजींवरून आठवलं. मनगटावर मीडियन नर्व्ह स्टिम्युलेट करायची असते आणि तिथेच हिरव्या बांगड्या असतात. त्या काढायला सांगितल्या की चेहरा पडतो. काढू नका, कोपराकडे सरकवा आणि मायक्रोपोरच्या पट्टीने बांधून ठेवा. सकाळी अंगाला तेल चोपडून आलेल्यांची कातडी स्पिरिटने नीट पुसा, नाहीतर इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) वर जातो, स्क्रीनवर ५० हर्ट्झचा मेन्स, म्हणजे घरगुती विजेचा गोंगाट, नाचतो आणि सगळे तो गाळणारा नॉच फिल्टर लावून मोकळे होतात. तो लावण्याआधी ग्राउंड इलेक्ट्रोड सुकलाय का ते बघा.

टेपबद्दल एकच गोष्ट. अंतर १० सेंटिमीटर असताना मोजण्यात १ सेंटिमीटरची चूक झाली की व्हेलॉसिटीत १० टक्क्यांची चूक झाली. अल्नर नर्व्ह करताना कोपर वाकवलेलाच ठेवा, ७० ते ९० अंशांत. हात सरळ ठेवलात तर नर्व्ह आत सैल पडलेली असते, टेपवर अंतर कमी भरतं आणि कोपराशी वेग नसताना कमी झालेला दिसायला लागतो.

आता मूळ मुद्दा. हे वाचायचा कंटाळा येईल, तरी वाचा, कारण मला यातून बाहेर पडायला जवळपास एक टर्म लागली.

माझे डायबेटिसचे पेशंट सकाळी यायचे. उपाशीपोटी साखर तपासायची असायची, म्हणून तीच वेळ सोयीची होती. कंट्रोल म्हणून हॉस्पिटलचा स्टाफ आणि त्यांचे नातेवाईक घेतले होते, ते आपली कामं उरकून दुपारी जेवणानंतर यायचे. दिवस डिसेंबरचे. पुण्याची डिसेंबरची सकाळ तुम्हाला सांगायला नको. धायरीहून, वाघोलीहून माणूस अ‍ॅक्टिव्हावर येतो, हातमोजे घातलेले नसतात, मग रक्त देऊन कॉरिडॉरच्या बाकावर अर्धा तास बसतो. तिथून थेट माझ्या टेबलावर. खोलीत एसी चालू, कारण मशीनला तो लागतोच असं कोणीतरी ठरवून ठेवलेलं.

निकाल अगदी देखणे आले. पेशंटच्या लेटन्सी लांबलेल्या, व्हेलॉसिटी कमी, पी व्हॅल्यू बघून गाइड खूश. मी तर मनात पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं होतं. को-गाइड टेबल चाळताना एका कॉलमवर थांबल्या. "डायबेटिक लोकांचा सेन्सरी अ‍ॅम्प्लिट्यूड कंट्रोल्सपेक्षा जास्त कसा गं?"

तो जास्त असूच शकत नाही. डायबेटिक न्यूरोपॅथीत लांबचे तंतू आधी झिजतात, सेन्सरी अ‍ॅम्प्लिट्यूड कमी व्हायला हवा. तो वाढलेला दिसला याचा अर्थ मी डायबेटिस मोजतच नव्हते. मी थंडी मोजत होते.

कारण समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. थंड नर्व्हमध्ये सोडियम चॅनेल सावकाश उघडतात आणि त्याहून सावकाश बंद होतात. सावकाश उघडल्यामुळे वेग कमी होतो. बंद व्हायला उशीर झाल्यामुळे प्रत्येक तंतूचं पोटेन्शियल जास्त वेळ टिकतं आणि मोठं होतं. म्हणून गारठलेल्या हातात वेग कमी आणि सेन्सरी अ‍ॅम्प्लिट्यूड जास्त, असं विचित्र चित्र येतं. म्हणजे थंडी एकाच वेळी खोटं डीमायलिनेशन (तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजणं) दाखवते आणि खरा अ‍ॅक्झोनल लॉस झाकते.

आकड्यांत बघा. तापमान १ अंश सेल्सिअस उतरलं की वेग सेकंदाला साधारण दीड ते अडीच मीटरने कमी होतो आणि डिस्टल लेटन्सी ०.२ मिलिसेकंदाने लांबते. हात ३३ ऐवजी २७ अंशांवर असेल तर लेटन्सीत १.२ मिलिसेकंदांची भर. ज्याची मीडियन मोटर लेटन्सी ३.४ यायची, त्याची ४.६ येते. बहुतेक लॅबची मर्यादा ४.४ च्या आसपास असते. त्या माणसाला तुम्ही रिपोर्टवर कार्पल टनेल (मनगटाशी मीडियन दबणं) देऊन मोकळे झालात. त्याला हवे होते फक्त हातमोजे.

"मग फॉर्म्युला लावून दुरुस्त करू" हा पुढचा सापळा. पहिलं म्हणजे, त्यासाठी तापमान नोंदवलेलं असावं लागतं. माझ्या प्रोफॉर्मात (पेशंटच्या नोंदीच्या फॉर्मात) तो रकानाच नव्हता. दुसरं म्हणजे, ते फॉर्म्युले निरोगी नर्व्हवरून काढलेले आहेत. आजारी नर्व्ह तापमानाला तसाच प्रतिसाद देईल याची खात्री नाही, आणि तुमचा सगळा अभ्यास आजारी नर्व्हवरच आहे. त्यामुळे दुरुस्ती हा पर्याय धरूच नका. गरम करा आणि मग मोजा.

हात किमान ३२ अंश, पाय किमान ३० अंश. जिथून रेकॉर्ड करताय तिथे त्वचेवर प्रोब लावा, प्रत्येक नर्व्हच्या आधी आकडा लिहा. गरम पाण्याची पिशवी चालते, कोमट पाण्यात हात बुडवणं त्याहून बरं. वरची कातडी लगेच गरम होते, आतली नर्व्ह होत नाही, म्हणून घाई करू नका. आणि हे ठळक अक्षरांत वाचा: तुमच्या पेशंटला न्यूरोपॅथी असू शकते, म्हणजे पाणी किती कढत आहे हे त्याला कळणार नाही. बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसा आधी स्वतःचा कोपर पाण्यात घाला. मधुमेही पायाला भाजलं तर ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही, आणि तेव्हा तुमचा थिसिस हा सगळ्यात छोटा प्रश्न असेल.

मायस्थेनियासाठी (स्नायू लवकर थकण्याचा आजार) रिपिटेटिव्ह स्टिम्युलेशन, म्हणजे लागोपाठ करंट देऊन तपासणी, करणाऱ्यांनीही हे गाठीला बांधा. तिथे थंडी उलटा खेळ करते. गारठलेल्या स्नायूत डिक्रिमेंट (लागोपाठच्या वेव्हमधली घट) कमी होतो, १० टक्क्यांची रेघ ओलांडत नाही, आणि खरा पेशंट नॉर्मल म्हणून घरी जातो.

माझं पुढे काय झालं? जे पुन्हा यायला तयार झाले त्यांचं सगळं नव्याने केलं, बाकीचे वगळले, सॅम्पल साइज घटल्याचं एथिक्स कमिटीला लेखी कळवलं. फरक उरला, पण बराच आटला. थिसिस पास झाला. तेव्हा घाबरू नका, अशातून माणूस बाहेर पडतो. फक्त तो रकाना आजच प्रोफॉर्मात घाला.

कंट्रोल्सबद्दल मी जरा तिखट बोलणार आहे. फर्स्ट एमबीबीएसची पोरं फुकटात मिळतात म्हणून पंचावन्न वर्षांच्या मधुमेहींसमोर उभी करू नका. वयाबरोबर वेग आणि अ‍ॅम्प्लिट्यूड दोन्ही उतरतात, उंच माणसाच्या एफ वेव्ह (मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येणारा सिग्नल) उशिरा येतात. वय आणि उंची जुळवलेली नसेल तर तुमचा निष्कर्ष एवढाच निघेल की म्हातारा माणूस तरुण नसतो. नॉर्मल व्हॅल्यू परदेशी पुस्तकातून उचलण्यापेक्षा स्वतःच्या लॅबच्या काढा. वेळ जातो, पण तो तक्ता तुमच्यानंतरच्या बॅचलाही उपयोगी पडतो.

आणि बी-१२ तपासा. पुण्यात हे टाळून चालणारच नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डायबेटिस युनिटच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा जो अभ्यास चालवला, त्यात गर्भवतींमध्ये बी-१२ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. इथे शाकाहारी घरं पुष्कळ, त्यात तुमचे पेशंट वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनवर, जे बी-१२ आणखी खाली नेतं. ते न तपासता सगळा दोष साखरेवर ढकलला तर व्हायव्हात पहिला प्रश्न हाच येईल. डायबेटिसमध्ये मनगटाशी मीडियन दबणंही नेहमीचं, म्हणून मुख्य निष्कर्ष फक्त मीडियनवर उभा करू नका. सुरल आणि पेरोनियल या पायातल्या नर्व्ह घ्याच.

जीबीएसवर (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नर्व्हवर हल्ला होऊन झपाट्याने अशक्तपणा आणणारा आजार) काम करायची इच्छा असणारेही बरेच आहेत, विशेषतः जानेवारी २०२५ नंतर. तेव्हा सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात एकदम पेशंट वाढले, पाण्याचा संशय आला, कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, संशयितांचा आकडा २०० च्या पुढे गेला. जुन्या फाइली काढून पेपर लिहायचा मोह होतो. लिहा, पण प्रत्येक फाइलमध्ये दोन तारखा शोधा: अशक्तपणा सुरू झाल्याची आणि एनसीएस केल्याची. पहिल्या आठवड्यात एनसीएस चक्क नॉर्मल येऊ शकतं, किंवा नुसता एच रिफ्लेक्स (घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेची करंट देऊन केलेली तपासणी) गेलेला असतो, एफ वेव्ह विरळ असतात, आणि मीडियन सेन्सरी बिघडलेली असताना सुरल शाबूत असते. तिसऱ्या दिवशी केलेला आणि तिसऱ्या आठवड्यात केलेला अभ्यास एकाच टोपलीत टाकून डीमायलिनेटिंग किती, अ‍ॅक्झोनल किती अशी टक्केवारी काढू नका. एकाच तपासणीवर प्रकार ठरवला तर पुष्कळदा नंतर बदलावा लागतो. स्नायूत सुई (ईएमजी) लावणार असाल तर फिब्रिलेशनसाठी, म्हणजे नर्व्ह गेलेल्या स्नायूतंतूंच्या आपोआप होणाऱ्या फडफडीसाठी, दोन ते तीन आठवडे थांबावं लागतं. पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा तो आवाज एकदा ऐकलात की स्क्रीनकडे बघायची गरज उरत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. सीटीआरआयची (क्लिनिकल ट्रायल्सच्या भारतीय रजिस्ट्रीची) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी करा, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली चालत नाही. संमतीपत्र मराठीत असावं आणि ते आधी डिपार्टमेंटच्या मावशींना वाचायला द्या. त्या जिथे अडखळतील तिथे पेशंटही अडखळणार. करंट कसा लागतो हे सांगण्यापेक्षा आधी पेशंटसमोर स्वतःच्या हाताला लावून दाखवा, निम्मी भीती तिथेच जाते. पेसमेकर आहे का, हा प्रश्न प्रोफॉर्मात छापलेलाच असू द्या, आयत्या वेळी आठवेल या भरवशावर राहू नका. वेळापत्रक आखताना गणपतीचे दिवस, दिवाळी आणि पालख्या शहरात असतानाचे दिवस सरळ खोडा, कोणी येत नाही. थिसिस "करून देणारे" कॉलेजच्या आसपास भेटतातच. त्यांनी केलेल्या तक्त्यात प्रत्येकाची व्हेलॉसिटी दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत सुबक असते. परीक्षकाला ते पहिल्या पानावर कळतं.

एक शेवटचं, पेशंटच्या बाजूचं. तळपायांची आग होते म्हणून आलेल्या माणसाचं एनसीएस पुष्कळदा पूर्ण नॉर्मल येतं, कारण ही तपासणी फक्त जाड, मायलिनवाले तंतू बघते. आग होते ती बारीक तंतूंमुळे. अशा वेळी "तुम्हाला काही झालेलं नाही" असं तोंडातून काढू नका. तो माणूस घरी गेल्यावर सून म्हणते, "बघा, उगाच करत होता." रिपोर्टखाली मराठीत दोन ओळी लिहा की जाड तंतूंची तपासणी ठीक आली, बारीक तंतूंचा त्रास या तपासणीत दिसत नाही. तारीख घाला, सही करा, एक प्रत त्याच्या हातात द्या आणि न्यूरोलॉजीच्या ओपीडीचा वार त्यावरच लिहून द्या.