कॅज्युअल्टीला पोस्टिंग लागलीय? मग हे वाचा

नर्सिंगचं बीएससी असो की जीएनएम, कॅज्युअल्टीची म्हणजे अपघात-तातडीच्या विभागाची पोस्टिंग लागली की पोरापोरींना एकच टेन्शन, इमर्जन्सी आली आणि काही जमलं नाही तर? अहो, तुम्ही श्वासनलिकेत ट्यूब टाकावी अशी कोणाची अपेक्षाच नसते. सिस्टर एवढंच बघतात की मागितलेली वस्तू हे पोरगं पटकन देतंय की ट्रॉलीसमोर उभं राहून सगळे कप्पे उघडत बसतंय.

म्हणून पहिल्याच दिवशी, ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देणं-घेणं) झाली आणि जरा गर्दी कमी असली की इनचार्ज सिस्टरना विचारून इमर्जन्सी ट्रॉली बघून घ्या. ॲड्रेनॅलिन, ॲट्रोपिन कुठल्या कप्प्यात आहे, अँब्यू बॅगला (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मास्क आहे का, सक्शन ओढतंय का, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे असते, आणि लॅरिंगोस्कोपचा (ट्यूब टाकताना घसा बघायचं साधन) लाइट, ब्लेड उघडून बघा, मिणमिणता लागला तर तिथल्या तिथे सांगा. एवढी एक गोष्ट पकडलीत ना, की सिस्टर तुम्हाला 'ए स्टुडंट' म्हणायचं सोडून नावाने हाक मारतात. वॉर्डातल्या मामा-मावशींशी पण नीट बोला, अर्ध्या वस्तू कुठे ठेवल्यात ते त्यांनाच माहीत असतं.

पेशंट आला की घोळक्यात डोकं खुपसून बघत राहू नका. बीपी, पल्स, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन), शुगर घ्यायला लागा, आकडा मोठ्याने सांगा आणि टाइम टाकून लिहा. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून 10 मिनिटांत निघायला हवा, तेव्हा लीड लावणं आधीच हातात बसवून ठेवा. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) चालू असेल तर दर 2 मिनिटांनी माणूस बदलतात, तेव्हा पुढे व्हा, मिनिटाला 100 ते 120 दाब, आणि दोन दाबांमध्ये छाती पूर्ण वर येऊ द्या. इंजेक्शन भरायला सांगितलं तर नाव आणि डोस परत बोलून दाखवा, ॲम्प्युल सिस्टरना दाखवल्याशिवाय सिरिंज पुढे करायची नाही. येत नसेल तर 'येत नाही, दाखवा' म्हणा, चालतं. अर्धवट येत असताना 'हो हो' करणारेच डोक्याला ताप होतात.

पावसाळ्यात पोस्टिंग असेल तर साप चावलेले येणारच. विषामुळे रक्त गोठायचं थांबलंय का ते बघायला कोरड्या, स्वच्छ, साध्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये 2 मिली रक्त घेऊन 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात, मग एकदाच तिरकी करून बघायची, रक्त पातळच वाहिलं तर गोठत नाहीये. काम दिसायला फालतू, पण येणारा-जाणारा ट्यूब उचलून बघतो आणि टेस्टची वाट लागते. तुम्ही घड्याळ लावून तिथे पहारा दिलात तर डॉक्टरसुद्धा लक्षात ठेवतात.

ॲक्सिडेंट, मारामारी, विष म्हणजे एमएलसी, पोलिसांना कळवायची केस. कापलेले कपडे, पोटातून काढलेलं पाणी परस्पर टाकून देऊ नका, विचारा. नातेवाइकांना 'काही नाही होणार' असलं काही बोलू नका, आणि मोबाईल खिशातच, फोटो तर नाहीच नाही.

सुई टोचली तर लपवू नका हं, हात साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सांगा, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आतच सुरू करावी लागतात, जितकं लवकर तितकं बरं.

आणि लॉगबुकवर सही रोजच्या रोज घ्या, शेवटच्या दिवशी नेमकी सिस्टरची नाईट ऑफ असते.