कळण्याच्या भाकरीने होणारा गॅस: मी काय बदललं

दुपारी कळण्याची, म्हणजे ज्वारी नि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी, ठेचा नि कांदा खाल्ला की चार-पाच तासांनी पोट फुगायचं. दोष ठेच्याला जातो, पण कारण उडदात आहे. त्यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा तोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. उशीर लागतो तो म्हणूनच. या साखरा भाकरी भाजल्यानेही जात नाहीत. पाण्यात मात्र विरघळतात.

म्हणून अख्खे उडीद रात्रभर भिजवायचे, मधे एकदा पाणी बदलायचं आणि ते सगळं पाणी फेकायचं. मग कडक उन्हात, दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवायचे. दमट राहिले तर चक्कीत पीठ चिकटतं, डब्यात जाळी धरतं. प्रमाण एक किलो ज्वारीला पाव किलो उडीद. उडीद कमी केल्याने भाकरीच्या कडा फाटतात. पीठ गरम पाण्यात मळावं.

गॅस पूर्ण जात नाही, पण खूप कमी होतो. उडीद साफ बंद करू नये: ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी असतो, तो उडीदच भरून काढतो.