नेलगनमधून स्क्रू मारायचे तर काय काय बघायचं

खिळा मारायला सोपा पण काढायला वैताग, आणि स्क्रू काढायला सोपा पण तीनशे-चारशे मारायचे म्हटले की संध्याकाळी मनगट उचलत नाही. या दोघांच्या मधला एक प्रकार आहे, स्ट्रिपमध्ये किंवा कॉइलमध्ये जोडलेले स्क्रू, जे हवेच्या नेलगनमधून खिळ्यासारखे ठोकले जातात आणि नंतर ड्रिलने उलटे फिरवून बाहेर काढता येतात. काही जण त्यांना स्क्रेल म्हणतात, काही नुसतं स्क्रू-खिळे म्हणतात, नाव काहीही घ्या पण वस्तू एकच आहे. मी हे जमिनीच्या फळ्या, पेट्या, कुंपण आणि पॅलेट अशा कामांना बरेच वापरलेत आणि माझं ठाम मत झालंय की जे काम पुढेमागे उघडावं लागणार आहे तिथे यांच्यासारखं काही नाही, फक्त एक अट आहे, गनने पूर्ण आत घालायचे नाहीत. शेवटचा थोडा भाग हाताने किंवा ड्रिलने. ही एक गोष्ट पाळली तर बाकीचं बरंचसं सोपं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू कारण यात लोक गन खराब करून बसतात. बाजारात स्ट्रिपमधले स्क्रू दोन वेगळ्या प्रकारचे मिळतात. एक असतो ऑटोफीड स्क्रूगनसाठी, म्हणजे ती गन स्क्रूला फिरवते आणि प्लास्टिकची पट्टी आपोआप पुढे सरकते, हे स्क्रू नेलगनसाठी नाहीतच, त्यांचे आटे दाट असतात, ठोकले तर लाकडाचा भुगा होतो आणि पकड शून्य. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू तर त्याहून वाईट, ते इतके कडक केलेले असतात की वाकत नाहीत, सरळ तुटतात, आणि नेलगनच्या फटक्याने तुटलेला तुकडा कुठे जाईल याचा नेम नाही. नेलगनसाठीच्या स्क्रूचे आटे विरळ आणि तिरपे असतात, हातात धरून बघितलं तर पिळलेल्या तारेसारखे दिसतात, आणि डब्यावर कुठल्या कोनाच्या गनसाठी आहेत ते लिहिलेलं असतं. तसं लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. आणि सुटा स्क्रू नळीत हाताने टाकून मारायचा प्रयत्न तर कधीच नाही.

हे आटे तिरपे का ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं पटेल. गनमधली पाती स्क्रूच्या माथ्यावर सरळ फटका मारते, ती स्वतः फिरत नाही. पण आटे लाकडात घुसताना स्वतःची वाट कापत जातात आणि त्या वाटेने स्क्रू स्वतःभोवती फिरत फिरत आत जातो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणून जी वाट आत जाताना तयार झाली त्याच वाटेने तो उलटा फिरवला की बाहेर येतो. पण फटका तो फटकाच, थोडे तंतू तुटतातच, त्यामुळे याची पकड साध्या गुळगुळीत खिळ्यापेक्षा चांगली आणि नीट फिरवून लावलेल्या स्क्रूपेक्षा कमी असं धरून चाला. दुसरं म्हणजे विरळ आटे दोन फळ्यांना फारसं एकमेकांकडे ओढत नाहीत. खऱ्या स्क्रूला वाकडी फळी आवळून खाली बसवायची सवय असते, याला ती नाही. फळी आणि खालचा वासा यांच्यात फट असेल तर फट तशीच राहते आणि मग चालताना करकर वाजते. म्हणून आधी क्लॅम्प लावा किंवा फळीवर उभं राहून वजन द्या, फट बंद झाली की मगच ट्रिगर दाबा.

आता गन. १८ गेजची ब्रॅड गन किंवा १६ गेजची फिनिश गन या बारीक खिळ्यांच्या गनमध्ये हे बसतच नाहीत, १८ गेजचा खिळा जेमतेम सव्वा मिलीमीटर जाड असतो, त्या नळीत आटे असलेला स्क्रू जाणार कसा. याला फ्रेमिंग गन, म्हणजे लाकडी सांगाडे ठोकायची मोठी गन लागते किंवा पॅलेटवाल्यांकडे असते ती कॉइल गन. फ्रेमिंग गनमध्येही मॅगझिनचा, म्हणजे स्ट्रिप भरायच्या पेटीचा, कोन बघावा लागतो. प्लास्टिक पट्टीवाल्या बऱ्याच गन २० ते २२ अंशाच्या असतात, कागदी पट्टीवाल्या ३० ते ३४ अंशाच्या, आणि तारेने जोडलेल्या गोल कॉइल १५ अंशाच्या. २१ च्या गनमध्ये ३४ ची स्ट्रिप घातली तर कधी जातच नाही आणि कधी अर्धी जाऊन अडकते. अर्धी गेलेली जास्त त्रासाची, कारण पाती माथ्याच्या मधोमध न बसता कडेला बसते आणि स्क्रू तिरका शिरतो. कोनाशिवाय जाडी आणि लांबीही गनच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत पाहिजे, स्क्रूची जाडी आट्यांच्या बाहेरून मोजायची, आतल्या दांड्याची नाही.

पट्टीचा फरक कामावर पण दिसतो. प्लास्टिकची पट्टी फटक्याने फुटते आणि तिचे बारीक तुकडे उडतात, तोंडावर येतात, आणि काही स्क्रूच्या माथ्याखाली दबून राहतात जे नंतर पॉलिश केलं तरी दिसतात. कागदी पट्टी दिसायला स्वच्छ पण दमट हवेत मऊ पडते आणि मग स्क्रू मॅगझिनमध्ये सरळ उभे राहत नाहीत, तिला बंद डब्यातच ठेवा. कॉइलचा फायदा एकच आणि मोठा, एकदा भरली की बराच वेळ बघावं लागत नाही.

लांबीचा माझा अंदाज असा की वरच्या फळीच्या जाडीच्या निदान अडीच ते तीन पट, म्हणजे २५ मिलीमीटरची फळी असेल तर ६५ ते ७५ मिलीमीटर. आणि खालच्या लाकडातून टोक बाहेर येणार नाही ना ते आधी मोजा, खाली वायर किंवा पाइप असेल तर दोनदा मोजा. बाहेरच्या कामाला साधा पिवळा झिंक चालत नाही, गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या, समुद्राजवळ असाल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस. तांब्याची औषधं भरून टिकाऊ केलेलं लाकूड साध्या लोखंडाला लवकर खातं आणि ओकसारख्या टॅनिन जास्त असलेल्या लाकडात स्क्रूभोवती काळे डाग पडतात, हे डाग नंतर सहज जात नाहीत.

प्रेशरवर थोडं जास्त लिहितो कारण सगळं काम इथेच बिघडतं किंवा जमतं. बऱ्याच फ्रेमिंग गन ७० ते १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) यांच्या मधे चालतात, म्हणजे साधारण ५ ते ८ बार. खिळे मारणारे लोक सवयीने १०० वर ठेवतात. मी पण एकदा तसंच केलं, आधल्या दिवशी खिळे मारलेले आणि रेग्युलेटर, म्हणजे दाब कमी-जास्त करायची कळ, तिथेच होता, १८ मिलीमीटरचं प्लायवुड वाश्यांवर बसवत होतो. पहिल्या ओळीतले चाळीसेक स्क्रू धडाधड गेले, आवाज छान येत होता, आणि मग वाकून बघितलं तर प्रत्येक माथा तीन-चार मिलीमीटर आत बुडालेला आणि वरचा पापुद्रा गोल फाटलेला. प्लायवुडमध्ये हे फार वाईट, कारण माथ्याखाली जेवढं लाकूड उरतं तेच प्लाय धरून ठेवतं, १८ मधले ४ गेले की उरले १४, आणि त्यातला वरचा थर चिरडलेला. ते सगळे काढून शेजारी परत मारावे लागले. तेव्हापासून मी दर वेळी सुरुवात ७० पासून करतो, त्याच जाडीच्या, त्याच लाकडाच्या तुकड्यावर. पहिला स्क्रू बराच वर राहतो, मग ५-५ पीएसआय वाढवत जायचं, माथा लाकडाच्या वर दोन ते तीन मिलीमीटर राहिला की थांबायचं. गनच्या नाकावर स्क्रू किती खोल जायचा ते ठरवणारी चकती असेल तर बारीक फरक तिने करायचा, प्रेशरने नाही.

रेग्युलेटरचा काटा गन चालू असताना बघा, नुसता उभा असताना नाही. लांब आणि बारीक नळी असेल तर भराभर मारताना गनपर्यंत पोचेस्तोवर प्रेशर पडतं आणि पाचवा-सहावा स्क्रू वर राहायला लागतो. लोक मग प्रेशर वाढवतात आणि थोडा वेळ थांबून परत मारला की तो बुडतो. अशा वेळी नळी जाड घ्या, ३/८ इंची, किंवा थोडं हळू मारा. कंप्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी रोज काढा, आणि ज्या गनला तेल लागतं तिला कामाच्या आधी हवेच्या तोंडात दोन-चार थेंब न्यूमॅटिक तेल टाका. ऑइल-फ्री गनला टाकू नका.

मारताना गन लाकडाला काटकोनात धरायची, नाक पूर्ण टेकवायचं आणि मग दाबायचं. ट्रिगर सिक्वेन्शियल ठेवा, म्हणजे प्रत्येक स्क्रूला आधी नाक टेकवून मग ट्रिगर. ट्रिगर दाबून धरून नाक आपटत जायची पद्धत वेगवान आहे हे खरं, पण एकाच जागी दोन स्क्रू बसले तर ते खिळ्यासारखे उपटता येत नाहीत आणि मुख्य म्हणजे गनने मागे उडी मारली की दुसरा फटका कुठे बसेल सांगता येत नाही. दुसरा हात नाकापासून निदान एक फूट लांब. गाठीवर मारू नका, गाठ कडक असते आणि स्क्रू तिथून वळून फळीच्या बाजूने बाहेर येतो, जिथे कदाचित तुमची बोटं असतील. चष्मा आणि कानाला मफ पाहिजेच पाहिजे, फ्रेमिंग गनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. गन घेऊन चालताना बोट ट्रिगरवर नाही. आणि कंप्रेसरच्या हवेऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा दुसरा कुठला गॅस जोडायचा विचारही करू नका, स्फोट होऊ शकतो.

फळीच्या टोकाजवळ मारायचं असेल तर निदान ४०-५० मिलीमीटर आत या, आणि कडक लाकडात त्याहूनही आत, नाहीतर बारीक भोक आधी पाडून साधा स्क्रू हाताने लावा. सगळीकडे गनच वापरली पाहिजे असा हट्ट नको. टोकाच्या कापलेल्या बाजूत, म्हणजे तंतूंच्या दिशेने, यांची पकड फारशी नसते. आणि छताचा सांगाडा किंवा तुळईचे ब्रॅकेट अशा ठिकाणी नकाशात जो खिळा लिहिलाय तोच मारायचा, तिथे बदली म्हणून हे चालवायचे नाहीत.

एक ओळ मारून झाली की गन बाजूला ठेवा आणि ड्रिल घ्या. बिट योग्य मापाचा, बहुतेक ठिकाणी चौकोनी किंवा स्टार असतो. क्लच, म्हणजे ड्रिलचा जोर ठरवणारी कडी, कमी ठेवून प्रत्येक माथा अर्धा-पाऊण वळण फिरवायचा, तेवढ्याने तो लाकडाशी समपातळीत येतो आणि फळी पण थोडी आवळली जाते. इथे बोटांना कळतं, चांगला बसलेला स्क्रू शेवटी घट्ट होत जातो, आणि बाद झालेला नुसता फिरत राहतो. फिरत राहिला तर काढून शेजारी दुसरा. एक अडचण हमखास येते, पातीच्या फटक्याने कधी कधी माथ्यातल्या खाचेची कड आत दुमडते किंवा प्लास्टिकचा तुकडा खाचेत बसतो, मग बिट वरवर घसरतो. जोर लावू नका, खाच टोच्याने साफ करा, बिट ठेवून हातोडीने हलका ठोका द्या, कड मागे सरते आणि बिट बसतो. खूप माथे असे निघायला लागले तर पातीचं टोक झिजलंय का बघा.

गन अडकली तर पहिलं काम नळी काढणं, मग मॅगझिन रिकामं, मग पुढचं झाकण उघडून पक्कडीने वाकडा स्क्रू ओढायचा. नळी लागलेली असताना नाकात डोकावू नका, कितीही घाई असो. शेवटचे चार-पाच स्क्रू उरल्यावर गन मारेनाशी झाली तर ती बिघडली नाही, बऱ्याच गनमध्ये रिकामी मारू नये म्हणून तशी सोय असते.

काढायची वेळ आली की ड्रिल उलटं, वेग कमी, आणि सुरुवातीला अंगाचा भार वरून द्या. पहिलं अर्धं वळण कडक जातं, कर्र असा आवाज येतो, मग सैल होऊन तो सरसर वर येतो. जुना असेल आणि हलत नसेल तर आधी पाव वळण घट्ट करा, गंजाची पकड सुटते, मग उलटं. वरून फिरतोय पण वर येत नाही असं झालं तर फळीखाली सपाट कांब सरकवून हलका उचल द्या आणि त्याच वेळी फिरवा. काढलेली फळी परत बसवताना त्याच भोकात तोच स्क्रू धरत नाही, दोन-तीन सेंटीमीटर बाजूला मारा, नाहीतर त्याच भोकात एक माप जाड आणि लांब असा साधा स्क्रू हाताने लावा.