प्रोस्टेट कर्करोगाच्या उपचारानंतर लघवीचा त्रास : या चुका टाळा

प्रोस्टेट ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) निघाला की खोकताना, खुर्चीतून उठताना किंवा भाजीची पिशवी उचलताना लघवी गळणे अपेक्षितच असते, आणि बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत, क्वचित वर्षभरात, ती बरीच आटोक्यात येते.

या काळातली सर्वांत घातक चूक म्हणजे पाणी तोडणे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, केवळ सीताबर्डीला जाऊन यायचे म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न घेणारे आजोबा अनेक घरांत सापडतील. त्याने गळती थांबत नाही. उलट लघवी गडद होऊन मूत्राशयाला डिवचते, घाई वाढते, जंतुसंसर्गाची व मुतखड्याची शक्यता वाढते आणि बद्धकोष्ठामुळे कुंथावे लागून आधीच दुबळ्या स्नायूंवर ताण येतो. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे आणि संध्याकाळनंतर कमी करावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. काही कमी करायचेच असेल तर चहा कमी प्यावा. संत्र्याच्या गावात हे सांगणे जिवावर येते, पण काहींना संत्र्याचा रसही बाधतो.

कीगल व्यायाम, म्हणजे लघवी रोखणाऱ्या स्नायूंचा व्यायाम, करताना पोट आत ओढणे, श्वास रोखणे किंवा नितंब आवळणे निरुपयोगी आहे. वायू अडवताना गुदद्वाराभोवतीचे जे स्नायू आत खेचले जातात, तेच सुमारे पाच सेकंद आवळून तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. कॅथेटर असताना हा व्यायाम करू नये आणि लघवीची धार मध्येच अडवण्याची सवयही लावून घेऊ नये. उठण्यापूर्वी किंवा शिंकण्यापूर्वी क्षणभर आवळण्याचा सराव मात्र अवश्य करावा.

रेडिएशननंतरची जळजळ व घाई हा वेगळा त्रास असून त्याला केवळ व्यायाम पुरत नाही. लघवीतून रक्त तर उपचारानंतर काही वर्षांनीही येऊ शकते, त्यामुळे ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पीत बसू नये.

धार बारीक होत जाणे, थंडी वाजून ताप येणे ही डॉक्टरांना लगेच दाखवण्याची लक्षणे आहेत. लघवी पूर्ण अडल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. वर्षभरानंतरही गळती कायम असल्यास स्लिंग (मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी) किंवा कृत्रिम स्फिंक्टर (लघवी रोखणारी कृत्रिम झडप) बसवण्याविषयी युरोलॉजिस्टना स्वतःहून विचारावे.