आधी पाठ, मग पापण्या

मातीत पहिलं डोकं घडवायला बसलो तेव्हा मी थेट डोळ्यांपासून सुरुवात केली. दोन दिवस पापण्याच कोरत होतो. तिसऱ्या दिवशी सरांनी काही न बोलता टर्नटेबल, म्हणजे कामाखालचा फिरता पाट, फिरवला. समोरून चेहरा, बाजूने थाळी. कवटीचा पत्ताच नव्हता. त्या रात्री उरलेली मातीही घसरून खाली बसली.

चूक मातीच्या आतल्या सांगाड्यात होती. पाटावर उभी सळई, वर तारेची कडी, आणि तारेनेच लटकवलेल्या लाकडाच्या छोट्या फुल्या. या फुल्यांना स्टुडिओत बटरफ्लाय म्हणतात. ओली माती त्यांच्यावर तोलून राहते. मी त्या लावल्याच नव्हत्या. शाडू कणकेसारखी मळून घ्या, आधी मोठे गोळे बसवा आणि दर थोड्या वेळाने काम फिरवून बघा. नाक-डोळे शेवटी. घरी जाताना वर ओला फडका आणि प्लास्टिक हवंच, कारण वाळताना माती आकसते, आतली सळई आकसत नाही, मग तडा जाणारच. म्हणूनच सांगाड्यावरच्या कामाचा साचा माती ओली असतानाच घेतात.

साच्यासाठी प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं. प्लास्टरवर पाणी ओतलंत तर गुठळ्या होतात. पहिल्या थरात थोडी नीळ घाला. साच्यातली माती काढून आत ओतकाम झाल्यावर साचा छिन्नीने फोडताना निळा रंग दिसला की हात हलका करायचा, आत तुमचं काम आहे. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका. (प्लंबरचे पैसे मी भरलेत.)

आता डायोरामा, म्हणजे खोक्यात छोट्या वस्तू आणि मागे रंगवलेला पडदा लावून उभा केलेला देखावा. तसा तो आपण सगळ्यांनी लहानपणीच केलेला असतो: दिवाळीतला किल्ला. तिथे बुरुजापेक्षा मावळा उंच असला तरी चालतं, इथे नाही. आधी प्रमाण ठरवा. 1:24 घेतलंत तर साडेपाच फुटी माणूस 7 सेंटीमीटरचा आणि सात फुटी दार साधारण 9 सेंटीमीटरचं. मागच्या वस्तू मुद्दाम लहान करा, म्हणजे हातभर खोक्यात मैदान मावतं. मागचा रंगवलेला पडदा गोलाकार वळवा. कोपरा दिसला की आभाळाची भिंत होते.

बघून जेवढं कळतं तेवढं वाचून कळत नाही. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या शिल्पालयात सिमेंटची म्हैस आहे, तिला चारही बाजूंनी फेरी घाला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गविज्ञान दालनात मात्र डायोरामाच्या काचेसमोर एकाच जागी उभे राहा आणि पुढची जमीन संपून चित्र कुठे सुरू होतं ते शोधा. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातली छोटी मॉडेल्सही चुकवू नका.

आणि डायोरामातला दिवा वर, खोक्याच्या पुढच्या पट्टीआड लपवा. माझा पहिला डायोरामा बघायला आलेल्या पाहुण्यांनी आधी बल्बच्या होल्डरची चौकशी केली होती.