खांदा शाबूत ठेवणारी रायफल: शिकार आणि घरी काडतुसं भरण्यासाठी कॅलिबर कसं निवडावं

कोलोरॅडोत आल्यावर घेतलेली माझी पहिली रायफल .३०० विनचेस्टर मॅग्नम होती. एल्क म्हणजे सांबरापेक्षाही थोराड जनावर, मग बंदूकही तशीच दणकट हवी, असा साधा हिशेब. रेंजवर चौथ्या बाराला दुर्बीण भुवईवर आदळली आणि डोळ्यावरून रक्ताची धार लागली. जखम आठवड्यात भरली, पण पुढचे सहा महिने चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटायचे. शंभर यार्डावरचा कागदही चुकायला लागला. जनावर गोळीच्या आकाराने पडत नाही, गोळी कुठे लागली यावर पडतं. आणि बिचकणाऱ्या माणसाची गोळी हवी तिथे लागत नाही. म्हणून कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास आणि तिचं काडतूस, खांद्याला सोसवेल असंच निवडावं.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि कायदेशीर परवाना काढून शिकारीला जाणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौसेची शिकार बंद आहे, त्यामुळे तिकडच्यांनी हे नुसतं माहिती म्हणून वाचावं.

आधी कायदा, मग कॅलिबर

एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असाल तर इथेच थांबा. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद मिळतो, पण मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा. यात चूक झाली तर इथला मुक्कामच धोक्यात येतो. ग्रीनकार्ड असेल तर ही अडचण नाही.

पुढचा प्रश्न राज्याचा. कोलोरॅडोत हरणासाठी गोळीचा व्यास किमान .२४ इंच लागतो, म्हणजे .२२३ बाद. शिवाय हरणाला गोळी किमान ७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), एल्कला ८५ ग्रेनची, आणि शंभर यार्डावर १००० फूट-पाउंड ऊर्जा शिल्लक हवी. ओहायोत हरणासाठी रायफलीत सरळ पुंगळीचीच काडतुसं चालतात, म्हणजे ज्यांचं पितळी कवच मानेशी आवळलेलं नसतं अशी. तिथे .२४३ सारख्या मान आवळलेल्या काडतुसाचं कौतुक करून उपयोग नाही, २०१९ साली आलेलं .३५० लेजंड बघा, त्याचा धक्काही सौम्य आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तिथे एक पायरी हलकी तांब्याची गोळी निवडतात आणि धक्का आपोआप थोडा उतरतो. नियम दरवर्षी बदलतात, त्या वर्षीचं राज्याचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

धक्क्याचं गणित

गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने बंदूक मागे येते. शाळेत शिकलेला न्यूटन, दुसरं काही नाही. पण दोन गोष्टी लोक विसरतात. एक म्हणजे नुसती गोळी पुढे जात नाही, जळलेल्या दारूचा वायूही जातो, आणि गोळीपेक्षा जास्त वेगाने. म्हणून मोठ्या पुंगळीची काडतुसं जास्त लाथ मारतात. दुसरी म्हणजे धक्क्याची ऊर्जा रायफलच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. आठ पाउंडांची रायफल सोडून सहा पाउंडांची घेतलीत की त्याच काडतुसाचा धक्का एक-तृतीयांशाने वाढला. डोंगर चढायला बरी म्हणून पिसासारखी हलकी रायफल घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आठ पाउंडांच्या आसपासच्या रायफलीत आकडे साधारण असे येतात: .२२३ चे तीन फूट-पाउंड, .२४३ विनचेस्टरचे आठ-नऊ, ६.५ क्रीडमूरचे अकरा-बारा, ७ एमएम-०८ चे बारा-तेरा, .३०८ चे पंधरा-सोळा, .३०-०६ चे वीस आणि माझ्या त्या .३०० मॅग्नमचे पंचवीसच्या वर. माझ्या अनुभवात पंधराच्या आत राहिलं की बहुतेक नवखी माणसं वीस बार झाल्यावरही हसत असतात.

ग्रेन हे माप परकं वाटत असेल तर आजीचा तोळा आठवा. आताचा दहा ग्रॅमचा नव्हे, जुना ११.६६ ग्रॅमचा. तो बरोबर १८० ग्रेनचा असायचा. म्हणजे .३०-०६ ची नेहमीची १८० ग्रेनची गोळी चोख एक तोळा, आणि .२४३ ची शंभर ग्रेनची गोळी अर्ध्या तोळ्याहून जराशी जास्त. सराफाच्या तराजूने पाहिलं तरी खांद्याला फरक का पडतो ते कळतं.

उमेदवार तीन

यादी लांबवता येईल, पण दुकानात काडतूस मिळायला हवं आणि घरी भरायला सामानही हवं, या दोन अटी लावल्या की माझ्या लेखी तीनच उरतात.

.२४३ विनचेस्टर १९५५ चं. फक्त हरीण आणि प्राँगहॉर्न (हरणासारखंच एक अमेरिकी जनावर) मारायचे असतील, किंवा घरातली लहानखुरी व्यक्ती शिकणार असेल, तर हेच. एल्कसाठी कायद्याने चालतं, पण मी नेत नाही. जनावर तिरकं उभं असलं की गोळीला फार आत जायचं असतं. आणखी एक मेख आहे. जुन्या .२४३ रायफलींच्या नळीतले आटे दहा इंचांत एक फेरा घेतात, त्यामुळे शंभर ग्रेनच्या वरच्या लांबुळक्या गोळ्या त्यांत नीट स्थिरावत नाहीत. अशा गोळ्यांचा खोका घेण्याआधी नळीचा फेरा बघा.

६.५ क्रीडमूर हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये निशाणबाजीच्या स्पर्धांसाठी काढलं. लांब, सडपातळ गोळी, आठ इंचांत एक फेरा, वाऱ्याला कमी बधणारी. याच्यावर टीका करणारेही पुष्कळ, पण तयार काडतुसं जवळपास प्रत्येक दुकानात मिळतात. घरी भरायचं अजून नक्की नसेल तर हे घ्या.

७ एमएम-०८ रेमिंग्टनने १९८० मध्ये बाजारात आणलं, आणि माझा जीव याच्यावर आहे. .३०८ चीच पुंगळी, फक्त मान आवळलेली. १४० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २८०० फुटांनी निघते. बळाने हे जुन्या ७×५७ माउझरचं जुळं भावंड. त्याच ७×५७ ला इंग्रज .२७५ रिग्बी म्हणायचे. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ह्युएट यांनी जिम कॉर्बेटना जी रायफल भेट दिली, ती याच कॅलिबरची. त्या माणसाला चाललं ते माझ्या एल्कला चालू नये असं मला वाटत नाही, फक्त अंतर अडीचशे यार्डांच्या आत ठेवतो.

अंगाला बसते का ते पाहा

कॅलिबर ठरलं तरी अर्धंच काम झालं. दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पेर चापावर सहज पोचलं पाहिजे. इथले कारखान्यातले दस्ते सहसा साडेतेरा-पावणेचौदा इंचांचे असतात, पाच फूट दोन इंचांच्या माणसाला ते लांबच पडतात. लांब दस्ता म्हणजे बूड खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर बसणार आणि निळाजांभळा डाग पडणार. आखूड दस्ता घ्या किंवा बंदूक-कारागिराकडून कापून घ्या. बुडाला चांगला रबरी पॅड लावा. दुर्बीण डोळ्यापासून साडेतीन इंच तरी लांब हवी. माझ्या भुवईवरची खूण अजून आहे.

नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला फेकणारा भोकांचा तुकडा) लावला तर धक्का खूप कमी होतो, पण आवाज बाजूला फुटतो आणि शेजारचा माणूस शिव्या घालतो. बिचकण्याचं निम्मं कारण आवाजच असतो, म्हणून रेंजवर कानात बोळे आणि वरून कानटोप्या, दोन्ही वापरा. विकत घेण्याआधी कुणाची तरी रायफल मागून झाडून बघा, आणि मित्राला मधूनच एखादं डमी काडतूस न सांगता भरायला लावा. चाप ओढल्यावर बार झाला नाही आणि तरी नळी खाली झुकली, तर तुम्ही बिचकताय. एका बैठकीत वीस बार पुरे.

घरी काडतुसं भरायची तर

इथे .२४३ आणि ७ एमएम-०८ चा मोठा फायदा दिसतो. दोन्ही .३०८ च्या घराण्यातली, म्हणून पुंगळ्यांचा तुटवडा पडला तरी .३०८ च्या पुंगळ्या डायमधून काढून ७ एमएम-०८ बनवता येतं. मात्र बुडावर .३०८ चाच शिक्का राहतो, त्यामुळे खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. पुंगळी हाच सर्वांत महाग भाग, आणि नीट वापरली तर ती पाच-सहा वेळा तरी भरता येते. लागेल एक प्रेस, त्या कॅलिबरच्या डाय (पुंगळीला आकार देणारे साचे), ग्रेन दाखवणारा तराजू, कॅलिपर, आणि पुंगळीची लांबी छाटायचं हत्यार. यातलं सगळं जुनं चालेल. तराजू मात्र नवा घ्या.

दारूचं माप गोळी किंवा दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील पुस्तकातूनच घ्यायचं, आणि सुरुवात सर्वांत कमी मात्रेपासून. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्चने डोकवा. एखादी रिकामी राहिली तर गोळी नळीत अडकते, आणि मागची दुसरी गोळी नळी फाडते. प्रायमर (पुंगळीच्या बुडातली दारू पेटवणारी टिकली) चपटा झालेला दिसला किंवा बोल्ट उघडायला जड गेला, तर मात्रा कमी करा.

धक्का आणखी कमी करायचा मोह इथेच होतो. अंदाजाने दारू कमी करू नका. मंद जळणारी दारू पुंगळीत फार कमी भरली तर दाब उलट बेफाम वाढू शकतो. यासाठी होजडन कंपनीने एच४८९५ या दारूबद्दल नियम दिलेला आहे: त्या काडतुसासाठी त्यांच्या तक्त्यात एच४८९५ असेल, तर तिथल्या कमाल मात्रेच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली जाता येतं. माझी मुलगी याच सौम्य काडतुसांवर ७ एमएम-०८ चालवायला शिकली. शिकारीला न्यायची असतील तर मऊ टोकाची गोळी निवडा, कारण वेग कमी झाला की कडक गोळी जनावरात शिरल्यावर उमलत नाही. आणि राज्याची ऊर्जेची अट पुरी होते का ते तपासा.

पहिल्यांदा पाचच भरा. खोक्यावर तारीख, कॅलिबर, गोळीचं वजन, दारूचं नाव आणि मात्रा लिहा. चिठ्ठी नसलेलं काडतूस कितीही चकचकीत दिसलं तरी उडवायचं नाही, गोळी उपसणाऱ्या हातोडीसारख्या पुलरने मोडायचं आणि दारू टाकून द्यायची.