कमी खर्चात कोवळ्या प्रेमाची शॉर्टफिल्म कशी करावी

कोवळ्या प्रेमाच्या गोष्टीत जे काही घडतं ते दोन चेहऱ्यांवर घडतं, आणि चेहरा टिपायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो. म्हणूनच पहिल्यांदा फिल्म करणाऱ्याला मी हा विषय आवर्जून सुचवतो.

१. एकच क्षण पकडा

ओळख, प्रेम, भांडण, ताटातूट असं सगळं आठ मिनिटांत कोंबू नका. समजा, तो तिची वही परत करायला आलाय आणि आत एक चिठ्ठी ठेवलीय. ती त्याच्यासमोर वही उघडते की नाही, एवढीच फिल्म. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असा ढोबळ हिशेब असतो. सहा-सात पानांत थांबा. पात्रं दोन, जागा एक किंवा दोन. जागा बदलली की सामान हलवण्यातच अर्धा दिवस जातो.

लिहून झालं की ‘तू मला आवडतेस’ या अर्थाचं प्रत्येक वाक्य खोडा आणि त्या जागी पात्रांना काहीतरी काम द्या: सायकलची उतरलेली साखळी बसवणं, पावसात भिजलेली पानं वाळत घालणं. हात गुंतले की नजर खरं बोलू लागते.

२. कलाकार जोडीनं निवडा

एकेकट्याची ऑडिशन इथे फारशी कामाची नाही. दोघांना शेजारी बसवून प्रसंग वाचायला लावा. त्यांच्यातली शांतता बघवते का, ते पाहा. हात धरणं, मिठी, जे काही लागणार असेल ते तालमीत मोकळेपणी बोलून ठरवा आणि सेटवर त्यापलीकडे काही मागू नका. कुणी १८ वर्षांखालचं असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या, चित्रीकरणाच्या वेळीही त्यांना बोलवा.

३. पैसे आवाजावर खर्च करा

थोडा हललेला शॉट प्रेक्षक चालवून घेतात, पण न कळणारा संवाद त्यांना सहन होत नाही. खर्च करायचाच असेल तर दोन साधे कॉलर माइक घ्या. प्रत्येक माइक एकेका वेगळ्या मोबाइलला जोडून तो मोबाइल त्या त्या कलाकाराच्या खिशात ठेवा आणि प्रत्येक टेकच्या, म्हणजे एका सलग चित्रणाच्या, सुरुवातीला टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगमध्ये चित्र आणि आवाज जुळवता येतात. पंखा आणि फ्रिज बंद करा. (गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचं विसरत नाही.) प्रसंग संपला की सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेचा नुसता आवाज ३० सेकंद रेकॉर्ड करा. संवादांमधल्या फटी त्यानंच बुजतात.

४. चित्रीकरण

मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा, फोकस आणि एक्सपोजर (चित्राचा उजेड) लॉक करा. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवलं तर हालचाल नैसर्गिक दिसते. दिव्यांपेक्षा खिडकी बरी: चेहऱ्यावर प्रकाश बाजूनं येऊ द्या आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश परतवायला पांढरा थर्माकोल धरा. संध्याकाळचं सोनेरी ऊन मोहात पाडतं, पण ते भराभर बदलतं. लांब संवाद त्यात घेतला तर एका शॉटमध्ये ऊन आणि पुढच्यात सावली, अशी गत होते.

आधी पूर्ण प्रसंग वाइडमध्ये, म्हणजे दोघंही दिसतील असा लांबून, मग दोघांचे क्लोजअप. दोघांना जोडणारी एक रेषा कल्पा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर ती दोघं एकमेकांकडे पाहत नाहीत असं वाटेल. क्लोजअप बोलणाऱ्याचा घ्यालच. ऐकणाऱ्याचा विसरू नका, प्रेम तिथेच दिसतं. आणि ‘कट’ म्हणायच्या आधी मनात पाच मोजा. संवाद संपल्यावर कलाकार सैलावतो, तेव्हा चेहऱ्यावर जे उमटतं ते लिहून मिळत नाही.

त्याच दिवशी सगळं फुटेज दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा.

५. एडिटिंग आणि संगीत

डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या कामाला पुरेशी आहे. लोकप्रिय गाणं परवानगीशिवाय वापरू नका. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे काही अटींवर मोफत वापरू दिलेलं, संगीत घेतानाही परवाना वाचा: ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ (बदल करायला मनाई) असेल तर ते चित्राला जोडता येत नाही. ओळखीतल्या कुणाला एखादी धून वाजवायला सांगता आली, तर उत्तमच.

पहिला कट, म्हणजे सगळे शॉट जोडलेली पहिली आवृत्ती, तयार झाला की आवाज बंद करून तो अनोळखी माणसाला दाखवा आणि विचारा, दोघांपैकी आधी कोण प्रेमात पडलं? उत्तर आलं नाही, तर राहिलेला क्लोजअप शोधा आणि एक सकाळ काढून तेवढाच पुन्हा टिपा.